कार्तिकस्नान आणि आपली वैनगंगा : सातवीच्या वर्गातला एक निबंध-पाठ



यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी सातवीच्या मुलांना एक निबंध दिला होता. विषय होता 'नदीस्नानाचा सण'. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. म्हणजे मुलांना लिहायला काही अडचण येणार नाही असं वाटलं होतं.

शाळा उघडल्यावर वह्या तपासायला घेतल्या. बहुतेक सगळ्यांनी प्रयागराजच्या महाकुंभावर लिहिलं होतं. साहजिकच आहे, २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुलांनी टीव्हीवर आणि मोबाईलवर तेच पाहिलं होतं. तीच वाक्यं, तेच मुद्दे, कुठून उतरवली ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. एका वहीत मात्र पाचच ओळी होत्या :

"माझी आजी कार्तिक महिन्यात गंगेवर आंघोळीला जाते. यंदा बाबांनी जाऊ दिलं नाही. पाण्याला वास येतो. आजी रडली. गंगा पवित्र आहे तर तिला वास का येतो?"

आमच्याकडे वैनगंगेला नुसतं 'गंगा'च म्हणतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

आणि मी काय केलं? सवयीने लाल शाईने लिहिलं, "अपूर्ण. मुद्देसूद लिही." दहापैकी तीन गुण दिले आणि वही खाली ठेवली. दोन-तीन वह्या तपासून झाल्यावर मात्र हात थांबला. अख्ख्या गठ्ठ्यात खरा निबंध तेवढा एकच होता आणि त्यालाच मी अपूर्ण ठरवलं होतं. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मलाही नीट देता येत नव्हतं.

पुढचा आठवडाभर वर्गात जे घडलं ते इथे पाठाच्या रूपात देत आहे. तुमच्या गावच्या नदीसाठी त्यात हवा तो बदल करून घ्या.

भाग १ : कार्तिकस्नान म्हणजे काय?

आश्विन पौर्णिमा म्हणजे कोजागिरी. तिथपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे, सूर्योदयाच्या आधी नदीवर स्नान करायचं, याला कार्तिकस्नान म्हणतात. काकड आरती, आवळीभोजन, कार्तिकी एकादशी, तुळशीचं लग्न, वैकुंठ चतुर्दशी हे सगळं याच महिन्यात येतं. शेवटचा दिवस त्रिपुरी पौर्णिमा. तारकासुराच्या तीन मुलांची तीन नगरं होती, ती शंकराने एका बाणात जाळली अशी पुराणकथा आहे. त्या आनंदात देवळांच्या दीपमाळा उजळतात आणि नदीत दिवे सोडतात. वाराणसीला हीच पौर्णिमा देवदिवाळी म्हणून साजरी होते. गुरू नानक जयंतीही याच दिवशी असते.

मुलांना हमखास पडणारे दोन प्रश्न :

*'कार्तिक' हे नाव कुठून आलं?* या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिका नक्षत्राच्या जवळपास असतो, म्हणून कार्तिक. चित्रावरून चैत्र, विशाखावरून वैशाख. पौर्णिमेच्या रात्री मुलांना आकाशात कृत्तिकांचा छोटासा झुपका शोधायला सांगा. चंद्राच्या उजेडात तो फिका दिसतो, म्हणून तीन-चार दिवसांनी पुन्हा पाहायला सांगा.

*सण दरवर्षी वेगळ्या तारखेला का?* फळ्यावर तीन तारखा लिहा. कार्तिक पौर्णिमा २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला आणि २०२६ मध्ये ती २४ नोव्हेंबरला आहे. आधी दहा दिवस अलीकडे आली, मग एकदम एकोणीस दिवस पुढे कशी गेली? चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. तो फरक साठत गेला की अधिक मास धरून भरून काढतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. गणिताच्या तासाला हे उदाहरण छान चालतं.

आता या महिन्यातच स्नान का? मुलांनीच उत्तर दिलं. पावसाळ्यात नदी गढूळ असते, पूर असतो. कार्तिकात पूर ओसरलेला असतो, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. हलका धान कापून झालेला असतो, म्हणून माणसाला थोडी उसंतही असते. जुन्या लोकांनी नदी पाहूनच महिना ठरवला असणार असं आमच्या वर्गाचं मत पडलं.

भाग २ : आपली नदी कुठून येते, कुठे जाते?

हा भाग नकाशा घेऊनच शिकवा. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. बालाघाटकडून फिरून महाराष्ट्रात येते. भंडारा जिल्ह्यात तिला बावनथडी आणि सूर मिळतात. अंभोऱ्याजवळ कन्हान येऊन मिळते. अंभोरा नदीपलीकडे, नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात. तिथल्या चैतन्येश्वराच्या देवळाला महाशिवरात्रीला आपल्याकडचीही माणसं जातात. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आणि धरणाच्या खाली पवनी शहर.

पवनीला लोक 'विदर्भाची काशी' म्हणतात, ते तिथल्या देवळांमुळे आणि वैजेश्वरासारख्या घाटांमुळे. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं. जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. म्हणजे या काठावर माणूस किती काळापासून राहतो आहे ते पाहा.

हा मुद्दा मी मुद्दाम घेते. वर्गात सगळ्यांच्या घरी कार्तिकस्नान नसतं. बौद्ध मुलं आहेत, मुसलमान मुलं आहेत. कुणाचे बाबा मासेमारी करतात, त्यांच्यासाठी नदी म्हणजे रोजची भाकर. अशा मुलांना 'तुमच्या घरी नदीशी काय संबंध आहे ते लिहा' असं सांगितलं. एका मुलाने जाळं आणि डोंगा यावर पान भरून लिहिलं. सणाचा पाठ घेताना कुणी मूल बाजूला बसून राहू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

पवनीच्या पुढे नदी देसाईगंज, मार्कंडा करत गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा नदीला मिळते. तिथून तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. एप्रिल २०२२ मध्ये सिरोंच्याला प्राणहिता पुष्कर भरला होता. गुरू ग्रह मीन राशीत आला की बारा दिवस हा स्नानसोहळा असतो. गुरूला सगळ्या राशी फिरायला साधारण बारा वर्षं लागतात, म्हणून तो बारा वर्षांनी येतो. नाशिकचा सिंहस्थही गुरूवरच चालतो. तो २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२६-२७ मध्ये आहे.

इथे मी मुलांना एक कोडं घातलं : "नाशिकच्या रामकुंडात डुबकी मारली तर अंगाला वैनगंगेचं पाणी लागेल का?" निम्म्या वर्गाने हो म्हटलं. मग नकाशावर बोट फिरवायला लावलं. नाशिक वरच्या अंगाला, उगमाजवळ आहे. आपलं पाणी गोदावरीला फार पुढे मिळतं. नाशिकला नाही, पण आंध्रातल्या राजमहेंद्रीला जे लोक गोदावरीत स्नान करतात, त्यांच्या अंगाला भंडाऱ्याचं पाणी लागतं.

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, आपण टाकलेली घाणही त्यांच्याकडे जाते."

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

भाग ३ : पवित्र आणि स्वच्छ

आता त्या मुलीचा प्रश्न. गंगा पवित्र आहे तर तिला वास का येतो?

फळ्यावर दोन रकाने केले, एक 'पवित्र' आणि एक 'स्वच्छ'. मुलांना विचारलं, कोणती गोष्ट कुठे लिहायची? देवघरातली जुनी पोथी, धूळ बसलेली : पवित्र आहे, स्वच्छ नाही. दवाखान्यातली नवी सुई : स्वच्छ आहे, पवित्र नाही. आजीच्या हातची भाकर : दोन्हीकडे लिहा म्हणाले. वैनगंगा? बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं : पवित्रपणा आपण मानतो, तो मनातला असतो. स्वच्छता पाण्यातली असते, ती तपासावी लागते. एक आहे म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

मग वासाचं कारण. धरणामुळे आमच्याकडे नदीचं पाणी साचून राहतं. वाहतं पाणी हवेतला प्राणवायू घेत जातं, साचलेल्या पाण्यात तो कमी पडतो. त्यात नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. आपल्या गावांच्या नाल्याही नदीतच उतरतात, हेही मुलांपासून लपवू नका. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर इकोर्निया (जलपर्णी) माजते. ती मेली की कुजते, कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते आणि वास सुटतो. विज्ञानातलं जलप्रदूषण मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा आपलं वाटलं असावं.

एक प्रयोगही केला. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांना एच-टू-एस बाटली म्हणतात. खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची शक्यता आहे, ते पिण्याजोगं नाही. आम्ही एक बाटली हातपंपाची आणि एक घाटावरची भरली. दुसऱ्या दिवशी घाटावरची काळी पडली, हातपंपाची तशीच राहिली. मुलं लगेच "नदी विषारी झाली" म्हणायला लागली, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. उघड्यावरच्या नदी-तळ्याचं पाणी या बाटलीत बहुतेक ठिकाणी काळंच पडेल. या प्रयोगातून एवढंच कळतं की हे पाणी न उकळता तोंडात घेऊ नये. जेवढं कळलं तेवढंच लिहायचं, हाही पाठाचाच भाग आहे.

भाग ४ : आजीची भेट

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरी गेले. वडिलांनी सांगितलं, मागच्या वर्षी स्नानानंतर आजीच्या अंगाला खाज सुटली, महिनाभर औषध चाललं. त्यांचं चूक म्हणता येणार नाही. आजी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, गंगा घाण झाली आता, तरी जावंसं वाटतं?"

त्या म्हणाल्या, "मॅडम, गंगा कायले घाण होईल? घाण तं आपून टाकतो तिच्यात. मी लगन होऊन आली तवा सासू सांगे, घाटावर थुकाचं नाही, साबन लावाचा नाही, ढोरं घाटाच्या खालीच धुवाचे. पवित्र हाय म्हणून तं हे सारं पाळत होतो. आता हात जोडतेत, अन् पन्नीसकट हार टाकतेत."

त्यांच्या सांगण्यातून आणखी एक गोष्ट कळली. पूर्वी रेतीत हाताने खड्डा उकरून झिरपलेलं पाणी प्यायला घ्यायचे, धारेचं पाणी थेट पीत नसत. म्हणजे ज्यांना नदी पवित्र वाटत होती, त्यांनाही गाळलेलं पाणी आणि न गाळलेलं पाणी यातला फरक कळत होता. फळ्यावर दोन रकाने आखून मी जे शिकवलं, ते या आजी आयुष्यभर पाळत आल्या होत्या.

मुलीने मध्येच विचारलं, "आजी, आंघोळ करताना तू सात नद्यांची नावं घेते, त्यात आपली गंगा कुठं आहे?" खरंच आहे. स्नानाच्या वेळी म्हणायच्या त्या श्लोकात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी आहेत. वैनगंगा नाही. मग तिनेच नकाशा आणला आणि आजीला दाखवलं, चपराळा, सिरोंचा, गोदावरी. "गोदावरी म्हटलं की आपली आली त्यात."

आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "तरी मी येगळं नाव घेतो. आपली हाय ते."

घरच्या पाण्यात या नद्या याव्यात अशी विनंती त्या श्लोकात आहे. म्हणजे ज्याला नदीवर जाता येत नाही, त्याची सोय आपल्या परंपरेनेच करून ठेवलेली आहे. वडिलांना हे पटलं. ५ नोव्हेंबरला पहाटे आम्ही चौघं घाटावर गेलो. आजी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या, पलसाच्या पानाच्या दोन्यात कणकेचा दिवा ठेवून पाण्यात सोडला. दिवा इकोर्नियात अडकला, तेव्हा मुलीने काठीने वाट करून दिली. मग घरी येऊन हातपंपाच्या पाण्याने, आठ नद्यांची नावं घेऊन आजीची आंघोळ झाली.

आजींचं समाधान झालं का? पूर्ण नाही. "डुबकी मारल्याशिवाय कार्तिक वाटत नाही," असं त्या म्हणाल्याच. ते दुःख मला पाठाच्या गोड शेवटात झाकायचं नाही. एका म्हातारीची नदी तिच्या डोळ्यांसमोर असूनही तिच्यापासून दूर गेली आहे. मुलांना हे कळलं तरच पुढे काही होईल.

भाग ५ : नदीवर जाताना (पालकांसाठी खास)

- मुलांना एकट्याने नदीवर पाठवू नका. रेती उपशामुळे पात्रात अचानक खोल खड्डे असतात, वरून दिसत नाहीत.
- गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या गावांत पाणी झपाट्याने चढतं. दवंडी, भोंगा, मोबाईलवरची सूचना यांपैकी काहीही आलं की लगेच पात्राबाहेर या. ऑगस्ट २०२० चा पूर आपण विसरलेलो नाही.
- घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. म्हाताऱ्या माणसांचा हात धरा.
- रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेच्या गार पाण्यात एकदम उतरू नये. डॉक्टरांना आधी विचारा.
- पाणी तोंडात घेऊ नका. अंगावर जखम असेल तर उतरू नका. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने आंघोळ करा.
- दिवा पानाच्या दोन्यात, कणकेचाच. थर्माकोल, प्लास्टिक, पन्नी नाही.

भाग ६ : वर्गात घेण्यासारखे उपक्रम

१. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीची मुलाखत : "तुमच्या लहानपणी नदीवर काय करायचं नाही असं सांगत?" उत्तरांची यादी करून भिंतीवर लावा.

२. नकाशावर आपल्या गावाजवळचा ओढा समुद्रापर्यंत बोटाने पोचवा. वाटेत किती नावं बदलतात ते मोजा.

३. पत्रलेखन : घाटावरची इकोर्निया काढण्याबद्दल सरपंचांना विनंतीपत्र. आमच्या मुलांनी लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. काम अजून व्हायचं आहे. पत्राची पोच मात्र वर्गात टाचून ठेवली आहे, महिन्याने मुलं पुन्हा विचारायला जाणार आहेत.

४. निबंध पुन्हा लिहिणे. अट एकच, स्वतः पाहिलेल्या किंवा घरच्यांनी सांगितलेल्या किमान पाच गोष्टी हव्यात.

त्या मुलीचा पुन्हा लिहिलेला निबंध (तिच्या परवानगीने, नाव न देता)

"कार्तिक पौर्णिमेला मी आजीसोबत घाटावर गेली. थंडी होती. पाण्यावर धुकं होतं. आजी दरवर्षी महिनाभर आंघोळीला जायची. यंदा ती फक्त दिवा सोडायला आली. आमच्या नदीचं नाव वैनगंगा आहे. ती मुंडाऱ्याहून येते आणि गोदावरीत जाते. आजी म्हणते गंगा घाण नाही, घाण आपली आहे. मॅडमनी पाणी बाटलीत ठेवलं तर काळं झालं. मी आजीला ते सांगितलं नाही. आमचा दिवा हिरव्या पाल्यात अडकला होता. मी काठीने पाला बाजूला केला. मग तो गेला. मी मोठी झाल्यावर आजीला डुबकी मारता येईल असं पाणी पाहिजे. पण आजी तेव्हा असेल का माहीत नाही. म्हणून लवकर करायला पाहिजे."

व्याकरणाच्या चुका मी तशाच ठेवल्या आहेत. यावेळी लाल शाई वापरली नाही. दहापैकी दहा गुण दिले आणि आधीच्या पानावरचा 'अपूर्ण' हा शेरा तिच्यासमोर खोडला.

तुमच्या गावची नदी कोणती? तिच्यावर कोणत्या सणाला आंघोळीला जातात, आणि कोण जायचं थांबलं आहे? एकदा वर्गात विचारून पाहा. मुलं काय म्हणाली ते आम्हालाही जरूर कळवा.